कथेतल्या माणसाला दाखला कशाला?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो : ‘वर्तणूक’. त्यापुढे कारकून कुणालाही न विचारता ‘चांगली’ असे लिहून टाकतो. मुलगा पाच वर्षे बाकावर उभा होता की पाच वर्षे पहिला येत होता, याचा त्या शब्दाशी काही संबंध नसतो. तो शब्द वाचून मुलगा कसा होता हे कुणाला कळत नाही आणि कळावे अशी कुणाची अपेक्षाही नसते. दाखला पुढच्या ऑफिसात दाखवण्यासाठी असतो, एवढेच.

आमची तक्रार अशी आहे की, मुस्लिम मराठी कथेतली बहुतेक माणसे असलाच दाखला हातात धरून वाचकासमोर उभी राहतात. नाव : रहीमचाचा. धंदा : शिलाई किंवा टांगा. वर्तणूक : चांगली. चाचा पाच वेळचा नमाजी असतो, शेजारच्या जोशीबाईंना भाऊबीजेला साडी आणतो आणि दंगल उसळली की जोशीबाईंच्या मुलाला पोटाशी धरून रात्रभर कोठीत लपवतो. मग कुणाला तरी भोसकले जाते. दवाखान्यात रक्त लागते. रक्त चाचाचेच जुळते. शेवटच्या परिच्छेदात डॉक्टर चष्मा पुसत म्हणतात की, रक्ताचा रंग तर एकच असतो. कथा संपते. दरसाल विशेषांकांच्या पानांवर ही रक्ताची बाटली फिरत असते आणि आजवर ती कुठल्याच पेशंटला चुकीची लागलेली नाही! रक्तगट जुळणे ही केवढी नाजूक बाब आहे, हे आमच्या शाळेतल्या सायन्सच्या सरांना जाऊन विचारावे.

असे कथाकार खोटे लिहितात असे आम्हाला म्हणायचे नाही. दंगलीत शेजाऱ्याला वाचवणारी माणसे असतात, दोन्हीकडे असतात, आणि त्यांच्यामुळेच मोहल्ले उभे आहेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. या कथेत चाचा नावाचा माणूसच नाही. तिथे एक निवेदन आहे आणि त्या निवेदनाला दाढी चिकटवलेली आहे. चाचाला त्या रात्री भीती वाटली का? कोठीत मूल रडायला लागले तेव्हा त्याचे तोंड दाबताना चाचाच्या मनात क्षणभर काय येऊन गेले? चाचाच्या बायकोने त्याला काय सुनावले? स्वतःची चार पोरे असताना परक्याचे पोर घरात घेणाऱ्या नवऱ्यावर ती खवळली नसेल? लेखकाने यातले काहीच विचारले नाही, कारण विचारले असते तर दाखल्यावरचा ‘चांगली’ हा शब्द थोडा पुसला गेला असता.

हे का घडते, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांतला तो राक्षसी हसणारा, सुरमा घातलेला खान पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलांच्या वाट्याला आला. सिनेमाने एका हाताने तोच खान पुढे चालवला आणि दुसऱ्या हाताने इमामसाहेब दिले. ‘शोले’ १९७५ सालचा. त्यातल्या इमामसाहेबांना डोळे नाहीत, राग नाही, एकुलता एक मुलगा मारला गेल्यावरही ते गावाला धीर देतात. ए. के. हंगल यांनी काम फार छान केले, पण आख्ख्या रामगढमध्ये कसलाही दोष नसलेला इसम शोधायचा झाला तर तो हाच निघतो. खान आणि इमामसाहेब ही एकाच दुकानातली दोन खेळणी आहेत. आमच्या लेखकांना खान आवडला नाही म्हणून त्यांनी इमामसाहेब विकत घेतले. दुकान बदलायचे मात्र राहून गेले.

दुकान बदलून पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. १९३३ सालची गोष्ट. उर्दूत, हिंदीत, मराठी अनुवादात ती मुलांपुढे येते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आणि वर्गात बहुतेक मुलांना हामिद आधीपासून ठाऊक असतो. मात्र जो ठाऊक असतो तो दाखल्यातला हामिद. ‘हामिदचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न आला की उत्तर तयार असते : हामिद समजूतदार होता, त्यागी होता, त्याचे दादीवर प्रेम होते, तो काटकसरी होता. चार मुद्दे, चार गुण. गाईडमध्येही तेच आहे आणि गाईड लिहिणाऱ्याने ते कुठून घेतले हे त्याचे त्याला ठाऊक.

आता जी गोष्ट प्रेमचंदांनी लिहिली ती पाहू. हामिद चार-पाच वर्षांचा. बाप पटकीने गेला, आई पिवळी पडत पडत गेली. अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लाच्या घरून छान छान वस्तू आणायला गेलीय, असे त्याला सांगितलेले आहे आणि त्याचा त्यावर पुरा विश्वास आहे. पायात जोडा नाही. दादी अमीनाजवळ उरलेले एकूण दोन आणे. त्यातले तीन पैसे हामिदच्या खिशात आणि पाच पैसे तिच्या बटव्यात. महमूदच्या खिशात बारा पैसे, मोहसिनच्या खिशात पंधरा. लेखक हे आकडे उगीच देत नाही. पुढची सगळी गोष्ट या तीन, बारा आणि पंधराच्या हिशेबावर चालते.

तीन कोस चालून मुले ईदगाहला पोहोचतात. नमाजाच्या रांगा लागतात. इथे गरीब-श्रीमंत कुणी नाही, जो मागून येतो तो मागे उभा राहतो. फार सुंदर वर्णन आहे. आमचा एखादा लेखक असता तर त्याने कथा इथेच संपवली असती, वर मसावातवर एक परिच्छेद जोडला असता आणि संपादकांनीही तो आनंदाने छापला असता. प्रेमचंद तिथे थांबत नाहीत. नमाज संपते, लोक गळाभेट घेतात आणि मुले लगेच मिठाई-खेळण्यांच्या दुकानांवर धावतात. रांगेत जी बरोबरी होती ती रांग मोडताच संपते. ज्या मोहसिनने हामिदच्या खांद्याला खांदा लावून सजदा केला असेल, तोच मोहसिन हामिदसमोर रेवडी धरतो, हामिद हात पुढे करतो आणि मोहसिन ती रेवडी स्वतःच्याच तोंडात टाकतो. सगळी पोरे खदखदून हसतात. एका पानावर सफा, पुढच्या पानावर रेवडी. मुस्लिम समाजाविषयी अनेकांनी जाडजाड ग्रंथ लिहिले, पण आमच्या आतल्या उतरंडीविषयी या रेवडीइतके नेमके फारच थोडे जण बोलले असतील. हे लिहिणारा कोण? धनपतराय नावाचा बनारसजवळच्या लमहीचा कायस्थ, शाळामास्तर. त्याने मोहसिनला दाखला दिला नाही. मोहसिन त्याला दुष्टही वाटत नाही. मोहसिन म्हणजे खिशात पंधरा पैसे असलेले एक पोर आहे.

आणि हामिद? तो त्यागी आहे काय? खेळण्यांच्या दुकानाशी उभा राहून तो म्हणतो, मातीचीच तर आहेत, पडली की फुटतील. पण त्याचा हात मात्र आपोआप खेळण्यांकडे जातो. त्याला ती हवी आहेत. नुसती हातात धरायला तरी मिळावीत असे वाटते आहे. मिळत नाही म्हणून तो नावे ठेवतो. त्याग नव्हे, हे कोल्ह्याला द्राक्षे आंबट आहे. पुढे पोरे मिठाई खातात, तेव्हा हा समजूतदार बाळ मनातल्या मनात शिव्याशाप देतो : खा म्हणावे, तोंड सडेल, फोड येतील. मग लोखंडी सामानाच्या दुकानात त्याला चिमटा दिसतो. दादीचा हात तव्यावर भाजतो हे त्याला आठवते, खरे आहे. परंतु त्याच्याच जोडीला त्याला हेही दिसू लागते की, दादी चिमटा घेऊन आयाबायांना दाखवत फिरेल, माझे नाव होईल, हजार दुआ देईल, या पोरांच्या खेळण्यांना कोण दुआ देणार आहे! म्हणजे प्रेम आहे, त्यात शेखी मिसळली आहे आणि सकाळपासून झालेल्या अपमानाचे उट्टेही त्यात आहे. सहा पैशांचा चिमटा तो घासाघीस करून तीन पैशांत घेतो आणि बंदुकीसारखा खांद्यावर टाकून मिरवत येतो.

यानंतर येते ती वादावादी. आमच्या हाती आलेल्या एका संक्षिप्त आवृत्तीत संपादकांनी ती सरळ कापून टाकली होती. पाठ लांबतो म्हणून असेल. ही कात्री म्हणजे हामिदचा खून आहे. कारण हामिद खराखुरा दिसतो तो या वादात. भिश्ती, शिपाई, वकील ही सगळी मातीची पलटण त्याच्यावर चालून येते आणि हा चार-पाच वर्षांचा पोर एकटा लोखंडाच्या बाजूने लढतो. तो फेकाफेकी करतो, आवाज चढवतो, हूल देतो आणि शेवटी तर्क संपल्यावर असे काही अचाट बोलतो की त्याला अर्थच नसतो. आणि नेमके त्या निरर्थक वाक्याने सगळे गप्प होतात. निवडणुकीतल्या सभा ऐकलेल्यांना हे तंत्र ओळखीचे वाटेल. जिंकल्यावर तो उदार होतो, तुमची खेळणीही छान आहेत, मी तर चिडवत होतो, म्हणतो. जिंकलेल्या माणसाची ती उदारता आहे. खिशात तीनच पैसे असताना सकाळी ती त्याला परवडली नसती.

आता सांगा, लबाडी, मत्सर, शेखी, जीभ, घासाघीस, एवढे सगळे असलेला हा पोर आपल्याला लाडका का वाटतो? घरी येतो, अमीना आधी छाती पिटते, अरे दुपार झाली, काही खाल्ले नाहीस, आणले काय तर चिमटा! तो अपराध्यासारखा सांगतो की, तुझी बोटे भाजायची ना. हे वाक्य आपल्या काळजात रुतते ते त्याच्या मागे रेवडी आहे, आंबट द्राक्षे आहेत, ती वादावादी आहे म्हणून. ज्या मुलाला काहीच नको होते त्याने चिमटा आणला, यात काय विशेष? ज्याला सगळे हवे होते त्याने आणला. गाईडमधल्या चार गुणांच्या हामिदला रडू येत नाही आणि त्याच्यासाठी कुणी रडतही नाही. अमीना रडते. ती मुलीसारखी रडते आणि तो मोठ्या माणसासारखा उभा राहतो आणि यातले रहस्य काय ते त्याला कळत नाही. चांगुलपणा ज्याचा त्याला कळलेला नाही, एवढ्यावर ही गोष्ट उभी आहे. आमच्या कथेतल्या रहीमचाचाला मात्र पहिल्या ओळीपासून ठाऊक असते की आपण चांगले आहोत.

इथे आमच्या ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो आम्ही अनेक बैठकांत ऐकला आहे. ते म्हणतात, मास्तर, तुमचे अदबी म्हणणे कबूल. पण काळ कसला आहे? घर भाड्याने मागायला गेले की नाव विचारतात. पेपर उघडला की आपल्यावर संशय. अशा वेळी आपणच आपल्या माणसांचे दोष कथेत मांडले तर दुसऱ्याच्या हातात कोलीत दिल्यासारखे होईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला घर नाकारले गेले त्याला साहित्याचे निकष सांगू नयेत, हे आम्हालाही कळते.

पण या आक्षेपाचा इतिहास पाहावा. मंटोची ‘खोल दो’ ही कथा १९४८ साली लाहोरच्या ‘नुकूश’मध्ये आली. फाळणीच्या लोंढ्यात सिराजुद्दीनची मुलगी सकीना हरवते. तिला शोधून आणायला निघालेले तरुण स्वयंसेवक आपल्याच कौमचे, आणि त्यांनीच तिचे काय केले हे कथेच्या शेवटी एका हालचालीतून कळते. सरकारने ‘नुकूश’वर सहा महिन्यांची बंदी घातली. नवे राष्ट्र, निर्वासितांचे तांडे, चहूकडे शत्रू, अशा वेळी आपल्या स्वयंसेवकांना बदनाम करायचे? म्हणजे आमच्या बुजुर्गांचे म्हणणे तेव्हाच्या सरकारनेही शब्दशः मांडले होते. मंटोवर अश्लीलतेचे सहा खटले झाले. तीन इंग्रजांच्या राज्यात, तीन पाकिस्तानात. राज्य बदलले तरी आक्षेप बदलला नाही. त्या स्वयंसेवकांची वर्तणूक ‘चांगली’ लिहिली असती तर कौमची अब्रू राहिली असती. सकीनाची कुणी विचारपूस केली नसती. कोलीत कोणाच्या हातात जाते याची काळजी करताना घरात आधीच कोण भाजले आहे हे पाहायचे राहून जाते.

दुसरे उदाहरण आम्ही मुद्दाम आपल्या बाहेरचे घेतो, कारण संशय आणि अपमान यांचा अनुभव काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. प्रेमचंदांचीच ‘कफन’ १९३५ साली आधी उर्दूत, ‘जामिया’ मासिकात आली. आत बुधिया बाळंतपणात तडफडते आहे आणि बाहेर तिचा नवरा माधव आणि सासरा घीसू भाजलेले बटाटे खात बसले आहेत. आत जायला एकही उठत नाही, कारण उठला तर दुसरा जास्त बटाटे खाईल. पुढे कफनासाठी जमवलेल्या पैशांची ते दारू पितात. या कथेवर दलित समीक्षकांनी कठोर टीका केली आहे. सवर्ण लेखकाने दोन चांभारांना इतके दगडी का रंगवावे, हा त्यांचा सवाल आहे आणि तो रास्त आहे; बाहेरून लिहिणाऱ्याला तो विचारलाच पाहिजे.

म्हणून आता आतून लिहिणाऱ्याकडे या. अण्णा भाऊ साठे. वाटेगावचा हा माणूस, ज्याला शाळेने जेमतेम दारात उभे केले. त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ कथेतला भीमा पोटासाठी वारणेकाठचे गाव सोडून मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो, खाण बंद पडते. मग तो चितेची राख चाळून सोने शोधू लागतो आणि पुढे मढी उकरतो. अण्णा भाऊंना कोलीत दिसत नव्हते काय? आपल्या माणसांना आधीच गुन्हेगार म्हणणाऱ्या समाजात ते मढी उकरणारा नायक लिहीत होते. त्यांनी भीमाला सोज्वळ केले नाही. मढ्यासाठी तो कोल्ह्यांशी झुंजतो, प्रेताच्या तोंडात घातलेली त्याची बोटे जबड्यात अडकतात. पुढे दोन बोटे जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते ती नेमकी त्यानंतर. धट्टाकट्टा भीमा पोरासारखा रडतो. ही कथा वाचून कुणी म्हणेल का की, हे लोक असलेच? म्हणणारा म्हणेल, तो तर कथा न वाचताही म्हणतो. ज्याने वाचली त्याला मात्र खाण बंद करणारा हात दिसतो. भीमा निर्दोष असता तर तो हात दिसला नसता. आपण नुसते हळहळलो असतो. दलित कथेने पुढे १९६३ साली बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’पासून जी झेप घेतली, ती कुणाकडून दाखला मागून घेतलेली नाही.

आमच्याकडे याची वानवा आहे असेही नाही. इस्मत चुगताई आयुष्याचा मोठा काळ मुंबईत राहिल्या, १९९१ साली तिथेच वारल्या. तरी मुस्लिम मराठी लेखिका ‘लिहाफ’चा वाद जाणतात आणि ‘चौथी का जोड़ा’ वाचत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते. आपल्याकडे हुंड्यावरच्या कथा ढिगाने येतात. त्यात सासू राक्षसीण, मुलगी गाय, नवरा बैल आणि शेवटी रॉकेलचा डबा. इस्मत आपांच्या कथेत असे कुणीच नाही. बी अम्मा विधवा आहे, कापड बेतण्यात मोहल्ल्यात तिचा हात धरणारे कुणी नाही. कुणाच्या तोकड्या कपड्यातूनही ती जोडा बसवून देते. फक्त थोरल्या कुब्राचे काही बेतात बसत नाही. पोलीस ट्रेनिंगसाठी भाचा राहत येऊन राहतो. घरात नाही ते विकून त्याला पराठे खिलवले जातात. कुब्रा पहाटे उठून रांधते, स्वतः मागच्या मागे उपाशी राहते. राहत काही बोलत नाही. मग बी अम्मा आणि त्यांची मानलेली बहीण धाकट्या हमीदाला पुढे करतात. मेहुणी म्हणून जरा हसखेळ कर, म्हणजे तो थोरलीकडे वळेल. वाचकहो, ही गोष्ट आई करते. प्रेमापोटी करते. तिचे हात थरथरत असतील, पण ती मुलीला पाठवते. राहत त्या मुलीशी काय करतो ते कथेत वाचावे. तो निघून जातो, त्याचे लग्न दुसरीकडेच ठरलेले असते. कुब्रा खोकत खोकत मरते आणि बी अम्मा त्याच चौकीवर, त्याच सफाईने, शेवटचे कापड बेतते.

बी अम्मा चांगली की वाईट? परीक्षेत हा प्रश्न विचारला तर आमचे विद्यार्थी गोंधळतील, आणि गोंधळलेच पाहिजे. राहत नालायक आहे हे सांगायला कथा लागत नाही, जमातीच्या मीटिंगमध्येही ते सांगता येते. आपल्या हाताने एका लेकीचा चौथीचा जोडा शिवणारी बाई दुसऱ्या लेकीला पणाला लावते, हे फक्त कथाच सांगू शकते. आणि हे कुठे लखनौ-अलिगढचे आहे असे समजून पान उलटू नका. बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी उसने पैसे काढून बिर्याणी शिजवणाऱ्या आणि शेजारणीच्या सुनेचे दागिने मुलीच्या अंगावर घालणाऱ्या बी अम्मा सोलापूर, मालेगाव, चिपळूण, कुठेही मिळतील. आमच्या मराठीत त्यांच्यावर एकही कथा का नसावी?

मंटोकडे परत जायचे तर ‘मम्मद भाई’ वाचा. मुंबईच्या फारस रोडवरचा हा दादा, अंगात सुरा, ओठावर कैसरछाप मिशा. मोहल्ला त्याला भितो आणि अडीअडचणीला त्याच्याकडेच धावतो. एका मुलीवर अत्याचार झाला म्हणून तो सुरा चालवतो. कोर्टात जाताना दोस्त सल्ला देतात, मिशा काढ, मॅजिस्ट्रेटवर वाईट छाप पडेल. तो काढतो. तरीही तडीपार होतोच. आणि या माणसाला दुःख कशाचे, तर मुंबई सुटल्याचे नव्हे, मिशा गेल्याचे! आम्हाला तर ही कथा आमच्या आजच्या लेखकांवरच लिहिल्यासारखी वाटते. मॅजिस्ट्रेटला आवडावे म्हणून आम्ही आमच्या पात्रांच्या मिशा उतरवून ठेवल्या, आणि तडीपारी काही चुकली नाही.

मराठीत बाहेरच्यांनी आमच्याकडे नीट पाहिलेच नाही असेही म्हणता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये मुलाण्याचा बकस आहे, बाबाखान दरवेशी आहे, तांबोळ्याची खाला आहे. नावातच धंदा आणि गाव. धर्मा रामोशी आणि शिदा चांभार यांच्या पंगतीत ही मंडळी बसली आहेत आणि त्यांच्यापैकी कुणालाही ‘मी मुसलमान असूनही’ असे म्हणावे लागत नाही. ‘असूनही’ हा शब्द आम्ही आमच्या वर्गात बंद केला आहे. ‘गरीब असूनही प्रामाणिक’, ‘मुस्लिम असूनही देशप्रेमी’, ‘बाई असूनही हुशार’ असे लिहिणाऱ्याला वाक्य पुन्हा लिहावे लागते.

आम्ही वर्गात करतो ते एवढेच. हामिदचे चार गुण लिहून आणू नका, असे सांगतो. त्याऐवजी फळ्यावर प्रश्न असतात. हामिदला दुकानात खरोखर काय हवे होते? ते त्याला कोण मिळू देत नव्हते? तो कुठे खोटे बोलला? मोहसिनने रेवडी दिली नाही, त्या रात्री त्याला झोप लागली असेल का? अमीना आधी का रागावली? पहिल्या वर्षी मुले बावरली, पालकांतले एकजण शाळेत आले, म्हणाले, सर, मार्क जातील. मार्क गेले नाहीत. उलट सातवीतल्या एका मुलाने, ज्याचे वडील पॉवरलूमवर रात्रपाळी करतात, लिहिले की हामिदने चिमटा घेतला कारण चिमटा घेऊन घरी गेले की ‘पैसे कशात उडवलेस’ असे कुणी विचारत नाही. ‘ईदगाह’वर आम्ही पुष्कळ समीक्षा वाचली आहे. हे कुठे वाचले नव्हते. त्या मुलाला हामिदच्या जागी उभे राहण्यासाठी हामिदचे सद्गुण लागले नाहीत, हामिदची भीती पुरली.

हा मुलगा आणखी दहा-बारा वर्षांनी कथा लिहील. उर्दूत लिहील की मराठीत, आम्हाला माहीत नाही. दोन्ही त्याच्या आहेत. त्याच्या कथेत रात्रपाळीवरून आलेला बाप असेल, तो बायकोवर हात उचलत असेल आणि पगाराच्या दिवशी पोराला खांद्यावर बसवून बाजारातून हिंडवतही असेल. ती कथा तो आपल्याच कुठल्यातरी वार्षिकाकडे पाठवील. तिथे बसलेल्या संपादकांना आमची आतापासून विनंती आहे की, ‘समाजाची प्रतिमा मलिन होते’ असा शेरा मारून ती परत करू नये. जागा कमी पडत असेल तर रक्ताच्या बाटलीची एखादी कथा कमी करावी. त्या कथा भरपूर आहेत, यंदाही आल्याच असतील.